लेव्हल शंभर, हात कोरे

मासाहिरो साकुराई हे जपानमधले नामांकित गेम डिझायनर. नव्वदच्या दशकात ते एका आर्केडमध्ये 'किंग ऑफ फायटर्स ९५' खेळत होते आणि पलीकडच्या खेळाडूला त्यांनी धुऊन काढलं. मग कळलं की समोर एक तरुण जोडपं होतं, सहज गंमत म्हणून नाणं टाकून बसलेलं, खेळ धड ठाऊक नसलेलं. हा किस्सा साकुराईंनी स्वतःच सांगितला आहे. त्या विजयाची त्यांना लाज वाटली, आणि पुढे १९९९ साली निन्टेन्डो ६४ वर त्यांचा 'सुपर स्मॅश ब्रदर्स' आला, त्यामागे ही टोचणी होती. त्या खेळात खास डावासाठी बोटांची कसरत नाही. एक दिशा आणि एक बटण, झालं काम. काल आलेल्या पोरानंही मैदानात उतरावं, हा हेतू.

पुढे काय झालं? २००१ साली दुसरा भाग 'मेली' आला. खेळाडूंच्या लक्षात आलं की हवेत चुकवायची हालचाल तिरकी जमिनीवर आणली तर पात्र घसरत सरकतं. तिला 'वेव्हडॅश' असं नाव पडलं. मग जमिनीवर उतरताना ठरावीक क्षणी बटण दाबून वेळ वाचवणं आलं, त्यावर आणखी बारकावे रचले गेले, आणि नवशिक्यांसाठी काढलेला खेळ बोटांची सर्वांत कठोर परीक्षा घेणाऱ्या खेळांत जाऊन बसला. २००८ च्या 'ब्रॉल'मध्ये धावू लागणारं पात्र अधूनमधून आपोआप अडखळून पडेल अशी योजना होती. चाहत्यांनी ती अजून माफ केलेली नाही.

प्रस्तुत लेखसंग्रहाचा विषय हा आहे. फायटिंग गेममध्ये मुरलेला खेळाडू आणि नवखा यांच्यात जी दरी असते, ती किती असावी, कुठे असावी, कुणी बुजवावी, की बुजवूच नये, यावर चाहते गेली तीन दशकं हमरीतुमरीवर येऊन भांडत आहेत. रोल-प्लेइंग गेममधली लाडकी पात्रं घेऊन जेव्हा फायटिंग गेम निघतात, तेव्हा या भांडणाला विशेष धार चढते. माझ्या मते हा वाद वरवर बटणांचा असला तरी मुळात हिशेबाचा आहे: खेळाला दिलेल्या तासांच्या बदल्यात माणसाला काय मिळायला हवं?

ज्यांना हा प्रांत नवा आहे त्यांच्यासाठी थोडी मोजमापं. फायटिंग गेमचं पडदाचित्र सेकंदाला ६० वेळा बदलतं. त्यातल्या एका चित्राला फ्रेम म्हणतात आणि सगळा व्यवहार फ्रेममध्ये चालतो. 'स्ट्रीट फायटर'मधला वेगवान ठोसा साधारण चौथ्या फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाचा पंधरावा हिस्सा. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला सर्वसाधारण माणसाला १२ ते १५ फ्रेम लागतात. अर्थात तो ठोसा 'पाहून' अडवणं कुणालाच शक्य नाही. तो आधीच ओळखावा लागतो. मुळात तीन गोष्टींचं चक्र आहे: मारणाऱ्याला अडवता येतं, अडवणाऱ्याला पकडून फेकता येतं, फेकायला आलेल्याला मारता येतं. हे कळायला पाच मिनिटं पुरतात. समोरचा यातलं काय करणार आहे हे त्याच्या आधीच्या दहा हालचालींवरून ताडायला वर्षं जातात. आणि ताडलेलं प्रत्यक्षात उतरवायला बोटं तयार असावी लागतात. 'स्ट्रीट फायटर'मधल्या हदोकेन या खास डावासाठी खाली, खाली-पुढे, पुढे आणि ठोसा. शोर्युकेनसाठी पुढे, खाली, खाली-पुढे आणि ठोसा. कागदावर सोपं वाटतं. समोरचा अंगावर उडी घेत असताना, तोही डावीकडून उजवीकडे गेल्यामुळे सगळ्या दिशा उलटलेल्या असताना, करून पाहा.

शिवाय या खेळात लपायला जागा नसते. संघ नाही, त्यामुळे सोबत्यावर खापर फोडता येत नाही. नशिबाचा भाग जवळपास नाही. पत्ते वाईट आले म्हणायची सोय नाही. हरलात तर तुम्हीच हरलात, आणि तीन मिनिटांत पुन्हा हरू शकता. कौशल्यातली दरी इतकी उघडी पडणारे खेळ थोडे.

इतिहासाची सुरुवात बहुतेक जण १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर टू'पासून करतात, आणि ते योग्यच आहे. १९८७ चा पहिला भाग आज मुख्यतः अभ्यासकांच्या कामाचा. कॅपकॉमच्या 'स्ट्रीट फायटर टू'मध्ये कॉम्बो, म्हणजे एकामागोमाग एक असे न अडवता येणारे फटके, कुणी ठरवून घातलेच नव्हते. गाडी फोडायच्या बोनस फेरीत निर्माते नोरिताका फुनामिझू यांना एका फटक्यात दुसरा जोडता येतो असं दिसलं, आणि हा दोष काढून न टाकता तसाच राहू दिला गेला. या कलाप्रकाराचं सर्वांत कौतुकाचं अंग असं अपघातानं जन्मलं. त्यानंतर एसएनकेचे 'फेटल फ्युरी' आणि 'किंग ऑफ फायटर्स', अमेरिकेतला 'मॉर्टल कॉम्बॅट', त्रिमितीत सेगाचा 'व्हर्चुआ फायटर' आणि नामकोचा 'टेकन' अशी रांगच लागली. आर्केडचं अर्थशास्त्रही लक्षात ठेवायला हवं. हरणारा उठतो, जिंकणारा त्याच नाण्यावर पुढे खेळत राहतो. म्हणजे शिकण्याची फी कच्च्या खेळाडूनं भरायची आणि सराव पक्क्यानं करायचा. दरी वाढत जाण्याची व्यवस्था यंत्रातच होती.

आपल्याकडे हे सगळं व्हिडिओ गेम पार्लरमधून आलं. 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स' या कॅपकॉमच्या खेळाला महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी नुसतं 'मुस्तफा' म्हणून ओळखते. तो खांद्याला खांदा लावून खेळायचा खेळ, त्यात मैत्री टिकायची. शेजारच्या 'किंग ऑफ फायटर्स ९७'वर ती तुटायची. पुढे तासाच्या भाड्यानं प्लेस्टेशन मिळू लागलं आणि 'टेकन थ्री'नं घरोघरी, गल्लोगल्ली एकच कायदा आणला: एडी घ्यायचा नाही. एडी गोर्डो हा कापोएरा खेळणारा ब्राझिली लढवय्या. लाथांची दोन बटणं कशीही बडवली तरी तो इतका गरगर फिरायचा, इतका खाली-वर व्हायचा, की महिनाभर जिन किंवा पॉलचे डाव घोकलेला पोरगा पहिल्यांदाच रिमोट हातात घेतलेल्या मामेभावाकडून हरायचा. मग 'चीटिंग आहे यार', मग बंदी. त्या बंदीमागचा युक्तिवाद नीट ऐकला तर या पुस्तकातले निम्मे वाद त्यात सापडतात. मी वेळ घातला आहे. यानं घातलेला नाही. तरी तो जिंकतो, म्हणजे खेळात काहीतरी खोट आहे.

या युक्तिवादाला सर्वांत निर्दय उत्तर अमेरिकेच्या डेव्हिड सर्लिन यांनी दिलं. स्वतः स्पर्धक आणि पुढे डिझायनर झालेल्या सर्लिन यांचं 'प्लेइंग टु विन' हे लेखन या क्षेत्रातलं आद्य वादग्रस्त पुस्तक मानायला हरकत नाही. त्यांचं म्हणणं असं: खेळात जे चालतं ते सगळं चालतं. फेकणं 'रडीचं', कोपऱ्यात दाबणं 'रडीचं', असे मनातले नियम घेऊन बसणारा खेळाडू समोरच्याशी नव्हे, स्वतःच्या कल्पनेतल्या खेळाशी खेळत असतो. एडी त्रास देतो ना? मग त्याची कोणती लाथ बसून टळते आणि कोणतीनंतर तो उघडा पडतो, ते शिका. यात तथ्य आहेच. बटणं बडवणारा एडी मुरलेल्या खेळाडूसमोर टिकत नाही हे कुणीही पडताळून पाहू शकतं. पण गल्लीतल्या नियमाकडे सर्लिन ज्या तुच्छतेनं पाहतात ती मला मान्य नाही. चार पोरांमध्ये एकच यंत्र असताना सगळ्यांना पुन्हा खेळावंसं वाटणं ही त्या नियमाची गरज होती, आणि ती त्यानं भागवली.

सर्लिन यांची दुसरी बाजू मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. खेळाडू म्हणून कोणतीही सवलत न मागणारा हा माणूस डिझायनर म्हणून बोटांच्या कसरतीचा कट्टर विरोधक आहे. त्यांच्या 'फँटसी स्ट्राइक'मध्ये प्रत्येक डाव एका बटणावर आहे. खरी लढत मनांची. अवघड इनपुट हा दारावरचा पहारेकरी, तो हाकलून द्या, म्हणजे आतली खरी दरी दिसेल. २०१३ चा 'डाइव्हकिक' याच वाटेनं विनोदाच्या टोकाला गेला. तिथे बटणंच दोन: एक उडी मारायला, दुसरं लाथ मारायला. यांना आपण मनवादी म्हणू.

यांच्या विरुद्ध हातवाद्यांचा तंबू. त्यांचं दैवत २००४ सालचं. कॅलिफोर्नियातल्या एव्हो स्पर्धेत 'स्ट्रीट फायटर' मालिकेतला 'थर्ड स्ट्राइक' खेळताना दाइगो उमेहारा यांच्या केनची शक्ती जवळजवळ संपली होती. इतकी, की जस्टिन वाँग यांच्या चुन-लीची खास चाल नुसती अडवली असती तरी त्या घासण्यानंच केन मेला असता. वाँग यांनी ती चाल सोडली. लाथा पंधरा. उमेहारा यांनी एकही अडवली नाही. प्रत्येक लाथ लागण्याच्या नेमक्या क्षणी दांडी पुढे ढकलून पंधराच्या पंधरा झटकल्या, शेवटची तर उडी मारून हवेत, आणि खाली उतरता उतरता सामना संपवला. प्रेक्षकांचा तो आरडाओरडा आजही चित्रफितीत ऐकावा. हातवादी विचारतात: हे एका बटणावर झालं असतं तर कुणी उभं राहून ओरडलं असतं का? तालमीत डाव सगळ्यांना सांगून माहीत असतो, लागतो मात्र एखाद्यालाच, आणि लोक कुस्ती बघायला येतात ते त्यासाठी. या युक्तिवादाला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. फक्त एवढं नोंदवतो की उमेहारा त्या वर्षी 'थर्ड स्ट्राइक'चा अंतिम सामना हरले, आणि हे चाहत्यांच्या क्वचितच लक्षात असतं.

आता रोल-प्लेइंग गेमकडे. १९८६ चा 'ड्रॅगन क्वेस्ट' आणि १९८७ चा 'फायनल फँटसी' यांनी जपानी घराघरांत एक वेगळाच करार रुजवला. तुम्ही वेळ द्या, पात्र बलवान होईल. राक्षस हरवत नाही? मागे जा, जंगलात चार तास किरकोळ प्राणी मारा, लेव्हल वाढवा, परत या. बोटं कशीही असोत, मेहनतीचं फळ मिळणारच. फायटिंग गेमचा करार याच्या नेमका उलट: पात्र पहिल्या दिवशी जेवढं बलवान, हजाराव्या दिवशीही तेवढंच. वाढायचं ते तुम्ही, आणि वाढाल याची हमी कुणी देत नाही. दोन्ही प्रकारांत माणसं शेकडो तास घालतात. एका ठिकाणी ते तास पात्राच्या खात्यावर जमा होतात, दुसरीकडे बोटांच्या आणि डोक्याच्या.

हे दोन करार एकाच डब्यात घालून विकले की काय होतं, हा या संग्रहाचा गाभा आहे. स्क्वेअरनं १९९६ साली 'टोबाल नंबर वन' काढला, पात्रं अकिरा तोरियामांच्या हातची. अनेकांनी तो घेतला सोबतच्या 'फायनल फँटसी सेव्हन'च्या नमुना-डिस्कसाठी. १९९८ च्या 'एरगाइत्स'मध्ये त्याच 'सेव्हन'मधले क्लाउड आणि सेफिरोथ प्रत्यक्ष लढायला उतरले. पण खरा प्रयोग २००८ चा, पीएसपीवरचा 'डिसिडिया फायनल फँटसी'. त्यात दोन प्रकारचे हल्ले. एक प्रतिस्पर्ध्याचं धैर्य आकड्यांत ओढून आपल्या खात्यात घेतो, जखम करत नाही. दुसरा साठलेलं सगळं धैर्य एका दमात जखमेत बदलतो आणि खातं शून्यावर आणतो. लागला तर ठीक, चुकला तर तुम्ही उघडे. सट्टेबाजाच्या नसा लागतील अशी ही सुरेख रचना. पण तिच्यावर लेव्हल, तलवारी, चिलखतं, दागिने हे सगळं रोल-प्लेइंग गेमचं गाठोडंही ठेवलेलं होतं. दोन मित्र समोरासमोर बसले की पहिला प्रश्न: जिंकलास तो हातानं की सामानानं?

चाहत्यांमध्ये इथे एक जुळी तक्रार निघते, आणि बाहेरच्यांना ती पोरकट वाटते. मला ती वाटत नाही. ज्या पात्रानं मूळ कथेत देवाला लोळवलं, ते इथे एका शाळकरी मुलीच्या छत्रीच्या फटक्यानं कसं पडतं? ज्यानं ऐंशी तास त्या पात्राला वाढवलं, त्याच्या मनात त्या बळाची मालकी असते. फायटिंग गेम त्याला सांगतो की ते बळ कथेपुरतं होतं. हा अपमान पराभवाचा नसतो, वजाबाकीचा असतो.

'पर्सोना फोर अरीना' या २०१२ च्या खेळानं हा पेच सर्वांत चतुराईनं हाताळला. आर्क सिस्टम वर्क्स हे नाव 'गिल्टी गिअर' आणि 'ब्लेझब्लू'मुळे अवघड, चकचकीत खेळांशी जोडलेलं. ॲटलसनं 'पर्सोना फोर'ची पुढची अधिकृत कथा त्यांच्या हाती दिली. म्हणजे यूचं, चिएचं पुढे काय झालं हे कळायला वळणावळणांच्या कथानकाचं वेड असलेल्या खेळाडूला फायटिंग गेम विकत घेणं भाग पडलं. त्याच्यासाठी सोय अशी: हलक्या हल्ल्याचं एकच बटण दाबत राहा, कॉम्बो आपोआप होईल, शक्ती साठलेली असेल तर शेवटी मोठा फटकाही बसेल. हातवाद्यांनी नाकं मुरडली. पण जरा खोल गेलेल्याला कळलं की आपोआपचा कॉम्बो हा फक्त पायपुसणं आहे, घर आत आहे. तुमचा पर्सोना, म्हणजे पात्राच्या बाजूनं लढणारी त्याची दुसरी आकृती, चार वेळा मार खाल्ला की तुटतो आणि काही काळ हाताशी राहत नाही. तो कधी पुढे करायचा आणि कधी झाकायचा हे कोणतंही बटण सांगत नाही. कथेसाठी आलेले कितीतरी जण त्या घरात राहायला गेले. दरी तशीच होती, पण तिच्या काठापर्यंत नेणारा रस्ता डांबरी होता.

'ग्रॅनब्लू फँटसी: व्हर्सस'नं २०२० मध्ये आणखी एक वाट काढली. सायगेम्सच्या २०१४ पासूनच्या मोबाइल खेळातली पात्रं, आणि प्रत्येक खास डावाला दोन दारं: एका बटणाचं किंवा जुन्या पद्धतीच्या हालचालीचं. बटणानं केलात तर तोच डाव पुन्हा वापरायला जास्त थांबायचं. लेव्हल वाढवायची, हत्यारं जमवायची हौस असेल तर तिच्यासाठी वेगळा विभाग, समोरासमोरच्या लढतीत तिचा शिरकाव नाही. दोन करार, दोन खोल्या, मधे भिंत. 'पोकेन टूर्नामेंट' आणि २०२२ चा 'डीएनएफ ड्युएल' हेही याच कुळातले. त्यांच्यावर स्वतंत्र लेख आहेत, इथे अडत नाही.

हा वाद आजच का मांडायचा? कारण जे प्रयोग कडेकडेनं, या पाहुण्या पात्रांच्या खेळांत चालले होते, ते आता मुख्य वाड्यात शिरले आहेत. २०२३ च्या 'स्ट्रीट फायटर सिक्स'मध्ये 'मॉडर्न' नियंत्रणं आली: पुढे आणि एक बटण, की शोर्युकेन. बदल्यात त्या सोप्या डावाची इजा २० टक्के कमी, आणि काही ठोसे-लाथा यादीतूनच गायब. त्याच खेळात स्वतःचं पात्र घडवून शहरभर हिंडत लेव्हल वाढवायचा अख्खा रोल-प्लेइंग विभागही आहे. पुढच्या वर्षी 'टेकन एट'नंही सोपी शैली दिली. २० टक्के हा दर कमी की जास्त यावर चाहते रात्री जागवतात. जुना खेळाडू म्हणतो, उडी पाहून शोर्युकेन काढायला मी पाच वर्षं घासली, यानं ते एका बटणात, वर माझ्यापेक्षा लवकर केलं. एडीच्या वेळचंच हे भांडण; फरक एवढा, की या वेळी भाव कंपनीनं आकड्यात लावून दिला आहे.

आणखी एक दरी आहे, तिच्याबद्दल चाहते फार कमी बोलतात. २०१९ पर्यंत 'टेकन'मध्ये कोरिया आणि जपान म्हणजे शिखर हे गृहीतच होतं. त्या वर्षी लाहोरचा अर्सलान ॲश एव्हो जपान जिंकला, मग लास व्हेगासची एव्होही, आणि म्हणाला की माझ्यासारखे घरी आणखी आहेत. कोरियाचा 'नी' हा मातब्बर खेळाडू पाकिस्तानात जाऊन खेळून आला, तेव्हा जगाला ते पटलं. जिला प्रतिभेची दरी समजलं जात होतं, ती बऱ्याच अंशी व्हिसाची, विमानभाड्याची आणि इंटरनेटच्या तारेची निघाली. या तारेवर टोनी कॅनन यांनी काढलेलं रोलबॅक तंत्र उपकारक ठरलं: दूरच्या खेळाडूची हालचाल पोचेपर्यंत यंत्र अंदाज बांधून पुढे जातं, चुकलं तर गुपचूप मागे येऊन दुरुस्त करतं. तरी पुणे आणि टोकियो यांच्यातलं अंतर त्यानं नाहीसं होत नाही. हांगचौच्या आशियाई खेळांत २०२३ साली 'स्ट्रीट फायटर फाइव्ह'मध्ये भारताचेही दोन खेळाडू उतरले होते. सुवर्ण गेलं कोरियाच्या किम ग्वान-वू यांना. त्यांचं वय होतं ४४. विशीनंतर हात मंदावतात असं ठामपणे सांगणाऱ्यांनी या आकड्याचं काय करायचं ते ठरवावं.

संग्रहातले लेखक एका तंबूतले नाहीत. काही स्पर्धा खेळलेले, काही आयुष्यात एकही ऑनलाइन सामना न जिंकलेले पण प्रत्येक पर्सोना कोळून प्यायलेले. संपादनात मतं सारखी करण्याचा खटाटोप केलेला नाही. दोन लेखांत एकाच सामन्याबद्दल उलट निष्कर्ष निघतात, ते तसेच ठेवले आहेत. कोणतं पात्र कुणापुढे दहांतले किती सामने जिंकेल हे सांगणाऱ्या, जपानी आर्केडांत सुरू झालेल्या तक्त्यांची पद्धत सविस्तर समजावली आहे, पण ताजे तक्ते छापलेले नाहीत, कारण पुस्तक बांधून होईतो नवं पॅच येऊन ते शिळे झालेले असतात. कुठल्या खेळापासून सुरुवात करावी याची शिफारस कुठेच सापडणार नाही. कोणता खेळ कोणत्या प्रकारे तुमचा वेळ मोजतो, एवढं मात्र सापडेल.

रोल-प्लेइंग गेमकडून येणाऱ्यांनी दुसऱ्या विभागापासून वाचायला घ्यावं. पहिला विभाग फायटिंग गेमवाल्यांच्या घरगुती भांडणांचा आहे आणि तो नंतर जास्त रंगतो. मधले फ्रेमचे तक्ते पहिल्या वाचनात ओलांडून गेलात तरी चालेल. दोन-चारदा सणसणीत हरलात की त्यांच्याकडे आपसूक परत याल.